पाट सरकारचा, ऊस शेतकऱ्याचा. मग कारखाना कोणाचा? प्रवरानगरच्या तिहेरी भागीदारीचा इतिहास

१/
मित्रहो, ‘सार्वजनिक-खासगी भागीदारी’ हा शब्दप्रयोग आता रोजच्या वर्तमानपत्रात भेटतो. त्यात अलीकडे तिसऱ्या घटकाची भर पडली आहे : नागरी समाज, म्हणजे लोकांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था. सरकार, खासगी भांडवल आणि लोकसंस्था असे तिघे एकत्र आले, तर निर्णय कोणाचा चालावा? हा प्रश्न नवा वाटतो, पण महाराष्ट्राने तो पाऊणशे वर्षांपूर्वी एका साखर कारखान्याच्या निमित्ताने सोडवायला घेतला होता. आजचा धागा त्या प्रयोगाविषयी. थोडा लांब आहे; सवडीने वाचावा.

२/
स्थळ : प्रवरेच्या काठचे लोणी, तेव्हाचा अहमदनगर आणि आजचा अहिल्यानगर जिल्हा. १९४८च्या अखेरीस येथे एका सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१च्या हंगामात पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटील, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता ही या कथेतील तीन प्रमुख माणसे. त्यांची नावे शालेय पुस्तकांमुळे आपल्याला ठाऊक असतात. मात्र त्यांनी नेमकी कोणती रचना उभी केली, हे सहसा सांगितले जात नाही.

३/
आधी एक गैरसमज दूर करू. प्रवरेचा उल्लेख सर्रास ‘आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना’ असा होतो. तथापि आंध्रात, म्हणजे तेव्हाच्या मद्रास इलाख्यात, एटिकोप्पाका येथे १९३३ सालीच सहकारी तत्त्वावर साखर कारखान्याची संस्था स्थापन झाली होती. त्यामुळे प्रवरेचे महत्त्व ‘पहिला’ असण्यात शोधू नये. तेथे सरकार, वित्तसंस्था आणि शेतकरी यांच्यात कामाची जी वाटणी ठरली, ती पुढे राज्यभर गिरवली गेली. महत्त्व आहे ते त्या वाटणीचे.

४/
या कथेची सुरुवात पाण्यापासून होते. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले. दुष्काळनिवारणाचा उपाय म्हणून इंग्रज सरकारने धरणे आणि पाट यांवर मोठा खर्च केला. प्रवरेवर भंडारदरा येथे बांधलेल्या धरणाचे उद्घाटन १९२६ साली गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झाले. म्हणून त्याला ‘विल्सन धरण’ असेही नाव आहे. कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारी-बाजरी वाचावी, हा या पाटांमागचा घोषित हेतू होता.

५/
प्रत्यक्षात एक अडचण उभी राहिली. पाऊस बरा झाला, की ज्वारीसाठी पाटाचे पाणी विकत घेण्यास कोणी येत नसे. पाणीपट्टी बुडे आणि पाटबंधारे खाते तोट्यात जाई. वर्षभर पाणी मागणारे आणि त्याची किंमत चुकवू शकणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्यात सुरू केलेली ‘ब्लॉक पद्धत’ ही पाणी अधिक शेतकऱ्यांत नियमाने वाटण्याची योजना होती. दुष्काळासाठी बांधलेले पाट अशा रीतीने हळूहळू उसाकडे वळले.

६/
येथे पहिली भागीदारी जन्मास आली आणि ती दुहेरी होती : सरकार आणि खासगी कंपनी. सरकारला पाण्याचे खात्रीचे गिऱ्हाईक हवे होते आणि कंपनीला उसासाठी सलग जमीन. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत आजच्या श्रीरामपूर तालुक्यात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारमार्फत घेऊन कंपनीला भाडेपट्ट्याने देण्यात आल्या. ‘आकारी पड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जमिनींचा वाद मूळ मालकांच्या वारसांनी आपल्या काळापर्यंत लढवला आहे.

७/
१९३२ साली साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशभर कारखाने निघाले. उत्तर प्रदेश-बिहारमधील कारखाने प्रामुख्याने शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेत. दख्खनमधील खासगी कारखान्यांनी मात्र जमिनी खंडाने घेऊन स्वतःचे मळे उभे केले. रावळगाव आणि वालचंदनगर ही त्याची ठळक उदाहरणे होत. हा फरक महत्त्वाचा आहे. ज्याच्या बांधावरून पाट वाहत होता, तो दख्खनी शेतकरी या उद्योगात पुरवठादारही नव्हता. जमीन खंडाने देणारा किंवा मळ्यावर मजुरी करणारा, एवढेच स्थान त्याच्या वाट्याला आले.

८/
ज्यांनी स्वतः ऊस लावला, त्यांच्यापुढे गुऱ्हाळाशिवाय वाट नव्हती. गुळाला संरक्षण नव्हते, तो फार काळ टिकत नसे आणि त्याचा भाव पेठेतील अडत्याच्या हाती असे. ऊस हे भांडवल खाणारे पीक : बेणे, खत, पाणीपट्टी, बैल. हंगामाआधी कर्ज काढायचे आणि हंगामानंतर मिळेल त्या भावाने गूळ विकून ते फेडायचे, हे चक्र चाले. जागतिक मंदीत भाव कोसळले, तेव्हा पाटपाण्याखालचा बागायतदारही कर्जात रुतला.

९/
यावर एक उत्तर सासवडच्या माळी बागायतदारांनी शोधले. त्यांनी एकत्र येऊन १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यात माळीनगरचा साखर कारखाना उभारला. तो शेतकऱ्यांचाच होता, पण सहकारी नव्हता. त्याचे रूप भागधारकांच्या कंपनीचे होते. शेतकरी आधुनिक कारखाना चालवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. मात्र त्यासाठी पदरी बऱ्यापैकी भांडवल असावे लागे. ते नसलेल्यांनी काय करावे, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

१०/
आता तिसऱ्या घटकाकडे वळू. १८७५ साली पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्या दंग्यांनंतर ग्रामीण कर्जबाजारीपणा हा सरकारी चिंतेचा विषय झाला आणि १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९११ साली मुंबईत प्रांतिक सहकारी बँक निघाली. वैकुंठभाई मेहता यांनी तिच्या व्यवस्थापनात आयुष्याची कित्येक दशके घालवली. गावपातळीवर १९२३च्या सुमारास लोणीत पतपेढी उभी राहिली. तिच्या उभारणीत तरुण विठ्ठलराव विखे पुढे होते.

११/
पतपेढीने फार मोठी क्रांती केली असे नव्हे. परंतु पुढच्या प्रयोगाला लागणारी एक गोष्ट तिने घडवली, ती म्हणजे हिशेबाची सवय. कोणी किती घेतले, किती फेडले, वह्या कोण तपासणार आणि वार्षिक सभेत प्रश्न कोण विचारणार, या बाबी पाव शतक अंगवळणी पडत गेल्या. विख्यांचे औपचारिक शिक्षण मोजकेच होते. पण कोणत्या घराचा शब्द चालतो आणि कोणाला उसनवारी पेलवते, याची माहिती त्यांच्याइतकी कोणत्याही सरकारी कचेरीत नसावी.

१२/
दुसरीकडे पुण्यात धनंजयराव गाडगीळ १९३०पासून गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा वाहत होते. त्यांनी गोदावरी आणि प्रवरा पाटांखालील गावांची आर्थिक पाहणी केली. ती १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाटाचा लाभ पाणीपट्टीच्या जमाखर्चापुरता मोजू नये, आजूबाजूच्या सगळ्या अर्थव्यवहारावर होणारा परिणाम मोजावा, अशी ती मांडणी होती. म्हणजे प्रवरेच्या काठी गाडगीळ आले, ते तेथील शेती आधी अभ्यासलेले गृहस्थ म्हणून.

१३/
१९४५ साली दख्खनमधील पाटांखालच्या बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली. शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कारखाना काढावा, हा विचार तेथे जोर धरू लागला. १९४६मध्ये बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात वैकुंठभाई मंत्री झाले आणि अर्थ व सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. गावात विखे, विद्येच्या क्षेत्रात गाडगीळ आणि सरकारात वैकुंठभाई अशी साखळी जुळली. योग जुळून आला हे खरे. पण त्यामागे प्रत्येकाची वीस-पंचवीस वर्षांची तयारी होती.

१४/
भांडवल तीन झऱ्यांतून आले. शेतकऱ्यांनी भाग घेतले. त्यासाठी विखे आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. मुंबई सरकारने भागभांडवलात रक्कम घातली. यंत्रसामग्रीसाठी नुकत्याच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले. या तिघांपैकी एकट्याच्या बळावर कारखाना झाला नसता. शेतकऱ्यांचा पैसा अपुरा होता, आणि शेतकऱ्यांनी आधी स्वतःचा पैसा घातल्याशिवाय सरकारला आपली रक्कम घालण्याचे कारण दाखवता आले नसते.

१५/
आता प्रश्न निर्णयाचा. कंपनीत जितके भाग तितकी मते. येथे सहकारी तत्त्वानुसार एक सभासद, एक मत. सभासदाने आपला ऊस कारखान्याला घालायचा आणि कारखान्याने तो घ्यायचा, असे दुहेरी बंधन. सरकार भागधारक होते, पण रोजचा कारभार निवडलेल्या संचालकांकडे. नफा हा वेगळा विषयच उरला नाही. हंगामाअखेर खर्च वजा जाता जे उरे, ते मुख्यतः उसाच्या भावातून सभासदाकडे परत येई. ऊसबिलातून काही रक्कम ठेव म्हणून कापली जाई आणि तीच पुढील विस्ताराचे भांडवल बने.

१६/
माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तरतूद मात्र कोणत्याही पोटनियमात लिहिलेली नव्हती. कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते आणि सुमारे दहा वर्षे त्या पदावर राहिले. ते त्या परिसरातील ऊस-उत्पादक नव्हते. कोणत्याही गावकीत वा भावकीत त्यांचे हितसंबंध गुंतलेले नव्हते आणि निवडणुकीच्या राजकारणासाठी त्यांना कारखान्याची गरज नव्हती. सरकारी अधिकाऱ्याशी ते बरोबरीने बोलू शकत. सभासदांना मात्र हिशेब समजावून देणे त्यांना भागच होते, कारण तेथे त्यांचे स्वतःचे पाठबळ काहीच नव्हते.

१७/
मग खासगी क्षेत्र कोठे होते? यंत्रे पुरवणाऱ्या कंपन्या, साखर उचलणारे व्यापारी, वाहतूकदार हे सारे खासगीच होते. त्याहून महत्त्वाचे असे, की शेतकऱ्यापुढे तुलना सतत उभी होती. शेजारी खासगी कारखाना होता आणि गुऱ्हाळही विझलेले नव्हते. सहकारी कारखान्याने भाव बरा दिला नाही, तर सभासद मनाने दूर जाणार, हे संचालकांना दिसत होते. स्पर्धेचा हा धाक आणि सभासदांचे मत या दोन्हींमुळे कारभार ताळ्यावर राहिला.

१८/
यानंतरचे यश परिचित आहे. प्रवरानगरात पुढे शाळा, रुग्णालय, महाविद्यालये आली; १९६१ साली पंडित नेहरूंनी कारखान्याला भेट दिली. दरम्यान १९५४मध्ये गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी समितीचा अहवाल आला. तिच्या सदस्यांत गाडगीळ होते. सहकारी संस्थांत राज्याने भांडवली भागीदार व्हावे, ही तिची मुख्य शिफारस होती. दुर्बळांची संस्था सावकार आणि व्यापारी यांच्यापुढे एकटी टिकत नाही, हे त्यामागचे कारण. संस्था सबळ झाल्यावर सरकारचा वाटा क्रमाने परत जावा, असेही अपेक्षित होते.

१९/
याला विरोधही झाला आणि तो थोरामोठ्यांचा होता. सरकारी पैशापाठोपाठ सरकारी हुकमत येईल आणि सहकाराचा आत्माच हरवेल, अशी भीती व्यक्त झाली. स्वतः नेहरूंनी १९५८च्या सुमारास सहकारातील सरकारी हस्तक्षेपाविषयी जाहीर नापसंती नोंदवली. दोन्ही बाजूंचे म्हणणे वजनदार होते. सरकारशिवाय गरीब शेतकऱ्यांच्या संस्थेला भांडवल मिळत नाही; सरकारसोबत तिची स्वायत्तता टिकत नाही. या पेचाचे उत्तर कागदावर सापडणारे नव्हते. ते पुढच्या व्यवहारातच ठरायचे होते.

२०/
व्यवहारात काय झाले? १९५०च्या दशकाच्या मध्यापासून परवाने देताना सहकारी कारखान्यांना प्राधान्य मिळू लागले आणि १९६०नंतर महाराष्ट्रात ही चळवळ झपाट्याने वाढली. कालांतराने दोनशेच्या आसपास सहकारी साखर कारखान्यांची नोंदणी झाली. भांडवलाचा एक साचा रूढ झाला : सभासदांचे १० टक्के, सरकारचे ३० टक्के आणि कर्ज ६० टक्के. कर्जाला बहुधा सरकारची थकहमी. म्हणजे शंभरातील नव्वद रुपयांची जोखीम सभासदाच्या खिशाबाहेर गेली. ज्याचा पैसा थोडा, त्याचे हिशेबावरचे लक्षही थोडे होत जाते.

२१/
समाजशास्त्रज्ञ बा. स. बाविस्कर यांनी कोपरगाव परिसरातील कारखान्याचा अभ्यास करून १९८० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. कारखाना हे आर्थिक केंद्र आहे तसेच ते राजकीय सत्तेचेही केंद्र आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. कारखान्याचा अध्यक्ष, जिल्हा बँकेचा संचालक, आमदार आणि मंत्री या भूमिका एकाच वर्तुळात फिरू लागल्या. परिणामी कर्ज मागणारा, कर्ज मंजूर करणारा आणि त्याला हमी देणारा हे तिघे पुष्कळदा एकाच गटाचे निघत. कागदावर भागीदार तीनच राहिले. एकमेकांना ‘नाही’ म्हणण्याची त्यांची ताकद मात्र गेली.

२२/
शेवट सर्वत्र सारखा झाला नाही. काही कारखाने आजही उत्तम चालतात. अनेक आजारी पडले, कर्जापोटी विकले गेले आणि त्यांतील कित्येक खासगी मालकीत गेले. २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त होऊन तेथे प्रशासक आले. खासगी मळ्यांच्या सत्तेला पर्याय म्हणून जी चळवळ निघाली, तिच्या काही वास्तू फिरून खासगी हातांत गेल्या. सभासदांची ऊसबिलातून कापलेली वर्षानुवर्षांची ठेव त्या भिंतींत होती, हे येथे विसरता कामा नये.

२३/
आणखी एक प्रश्न. या भागीदारीच्या टेबलावर कोणाला खुर्चीच मिळाली नाही? बीडसारख्या कोरडवाहू भागातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीला येतात. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोच्या जोडीने ‘एक कोयता’ म्हणून राबायचे, टनावर मजुरी मिळवायची आणि हंगाम संपला की परतायचे. ऊस पिकवणारा सभासद होऊ शकला, ऊस तोडणारा नाही. भंडारदरा धरण ज्या अकोले तालुक्यात आहे, तेथील लोकांनाही त्या पाण्यात वाटा मिळावा म्हणून पुढे आंदोलन करावे लागले.

२४/
ही दुखरी बाजू सांगितली म्हणजे प्रवरेचा प्रयोग खोटा ठरतो काय? मुळीच नाही. सहकाराच्या सुवर्णयुगाची आरती आणि सहकार म्हणजे नुसती लूट हा निकाल, ही दोन्ही कथने सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. ज्या प्रदेशात सरकार आणि कंपनी यांनी मिळून शेतकऱ्याला त्याच्याच पाटाकाठी परका केले होते, तेथे दोन-तीन दशकांत शेतकरी कारखान्याचा मालक झाला. हा बदल जगाच्या कोणत्याही ग्रामीण इतिहासात लहान ठरणार नाही.

२५/
मग तोल कशाने राहतो? प्रवरेच्या पहिल्या दशकातून माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टी दिसतात. एक, लोकांचा स्वतःचा पैसा जाणवण्याइतका असावा, म्हणजे ते हिशेब विचारतात. दोन, प्रत्येक भागीदाराला दुसऱ्याला नकार देता यावा. त्यासाठी तिघे खरोखर वेगळे असावे लागतात. तीन, सरकारने केव्हा आणि कसे बाहेर पडायचे हे आरंभीच ठरावे आणि पाळलेही जावे. पहिल्या दोन गोष्टी प्रवरेत काही काळ होत्या. तिसरी अपेक्षेच्या रूपातच राहिली आणि साचा राज्यभर पसरताना पहिल्या दोनही निसटल्या.

२६/
आज शाळा, रुग्णालये, पाणीयोजना, कौशल्यकेंद्रे यांसाठी तिहेरी भागीदारीचे करार होतात. असा करार वाचताना वरचे तीन प्रश्न विचारून पाहावेत. आणि चौथाही : ज्याच्या श्रमावर हे उभे आहे, तो सभासद आहे का? १९५०च्या आसपासच्या माणसांनी पहिल्या तिघांवर बराच विचार केला होता. चौथा त्यांच्याकडून सुटला आणि पुढच्या पिढ्यांनीही तो पुरतेपणी हाती घेतलेला नाही.

२७/
मित्रहो, ज्यांच्या तालुक्यात सहकारी कारखाना, दूध संघ वा जुनी विकास सोसायटी आहे, त्यांनी तिचे वार्षिक अहवाल एकदा चाळावेत. सभासदांचे भागभांडवल किती, सरकारचे किती, कर्ज किती आणि वार्षिक सभेला हजर किती, एवढे चारच आकडे दर दहा वर्षांच्या अंतराने टिपले, तरी तालुक्याचा अर्धा राजकीय इतिहास समोर येतो. घरात जुने अहवाल वा भागपत्रे असतील, तर रद्दीत देऊ नका. असे काही सापडले, तर या धाग्याखाली जरूर कळवा. धागा समाप्त.